मामाच्या मडक्यातली आई

वाचणाऱ्या बाबा, चष्मा शोधू नकोस, तो तुझ्या कपाळावरच आहे. आणि तू तालोम असशील, म्हणजे माझा थोरला, तर हा कागद तू आधी एकदा हरवलेला असणार आणि सेलिनने, तुझ्या बायकोने, तो पिठाच्या डब्यामागून काढून दिलेला असणार. लग्नाच्या दिवशी नवरीला चर्चच्या दारात उभी ठेवून पाहुण्यांच्या गाडीत बसून निघालेला माणूस तू. तेव्हा जे महत्त्वाचं आहे ते मी सेलिनला तोंडीही सांगून ठेवलं आहे. आता बस आणि मोठ्याने वाच.

मी, जुईजे, मागूमची मुलगी, राहणार बालेकू गाव, बाफूसाम शहराच्या वरच्या अंगाला, धंदा शेती, वय मास्तरांनी "अंदाजे ब्याऐंशी" लिहिलं आहे. गावात कॉफीची पहिली रोपं लागली तेव्हा मी आईच्या पाठीवर होते, एवढंच मला ठाऊक. तर मी याद्वारे लिहवून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे, दोहोंपैकी एक कान शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, लोभाने किंवा पाजण्याने करीत नाही. समोर ठेवलेली माडी मास्तरांसाठी आहे.

मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि मिशनच्या शाळेतले निवृत्त फोकाम मास्तर लिहितात. त्यांना ताकीद दिली आहे की माझं बोलणं सुधारायचं नाही. मी "मेला" म्हटलं की ते "स्वर्गवासी झाला" लिहितात. मास्तर, आमची माणसं वर जात नाहीत. ती घरातच असतात.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात तोंडी बरीच केली. ती सगळी रद्द समजावीत.

कलम एक. माझं राहतं घर, पत्र्याच्या छपरासह, तालोमला. दारातलं अवाकाडोचं झाड तोडायचं नाही, या अटीवर. पानं पडतात म्हणून कुरकुर करतोस, फळं खाताना नाही करत. स्वयंपाकाची खोली मात्र त्याच्या नावावर नाही. ती सेलिनची. तिथे ती सांगेल ते.

कलम दोन. वरचा कॉफीचा मळा तालोमला. ओढ्याखालचं अळकुड्यांचं आणि घेवड्याचं शेत सेलिनला, कारण गेली कित्येक वर्षं तिथे कुदळ तिचीच पडते आहे. तालोमने त्यावर हक्क सांगितल्यास त्याला त्या शेताच्या चार बाजूंना कोणाकोणाचं शेत लागतं ते विचारावं. सांगता आलं तर अर्धं द्यावं. येणार नाही.

कलम तीन. दळायचा दगड, दोन कुदळी, मोठं पातेलं आणि बायकांच्या भिशीतली माझी जागा, हेही सेलिनला. डोक्याला बांधायचे माझे रुमाल सगळ्या नातसुनांत वाटावेत, पण आधी फाडून एकेकाचे दोन करावेत. माझं डोकं मोठं आहे. बाजारातला तयार रुमाल मला जन्मात पुरला नाही, कापड नेहमी दीडपट लागलं. भाऊ मला भोपळा म्हणायचे. माझ्या नवऱ्याने लग्नाआधी निरोप पाठवला होता, "मुलगी चांगली आहे, पण पाऊस आला तर आम्हाला तिच्याखाली उभं राहता येईल का?" मी उलट निरोप धाडला, "येईल, पण गप्प उभं राहावं लागेल." तसंच झालं.

कलम चार. शेजारच्या मान्फोने माझा बांध हातभर सरकवला आहे. तेवढी जमीन त्याच्याच अंगावर पडो. त्याच्या बायकोला माझी मोठी टोपली द्यावी. ती बाई चांगली आहे, तिच्या नशिबात तो आहे.

कलम पाच. आता मुद्द्याचं. वर जे दिलं ती माती आणि भांडी. माझी खरी मालमत्ता माझ्या खाटेशेजारच्या मडक्यात आहे.

मास्तर म्हणतात, कोर्टातला साहेब किनाऱ्याकडचा निघाला तर त्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्यात माणूस पुरला की काही वर्षांनी वारस त्याचं डोकं जमिनीतून काढतो, धुतो, घरी आणून मडक्यात ठेवतो. मग त्याला पामतेल, मीठ, जेवण द्यायचं, त्याच्याशी बोलायचं. घरात पोर आजारी पडलं, सून रुसली, कॉफी वाळली, की आधी तिथे जाऊन विचारायचं. आम्ही त्याला कवटी म्हणत नाही. आम्ही म्हणतो आई, बाबा, मामा. वारस एकच असतो, आणि तो नुसता वारस राहत नाही, तो मेलेल्याच्या जागी बसतो. म्हणून मी इथे नेमते की माझी वारस माझी नात माजू, तालोमची मुलगी. माझ्यानंतर तिचं नाव जुईजे. तालोम, उद्यापासून तू तुझ्या मुलीला आई म्हणायचंस आणि तिने डोळे वटारले की गप्प बसायचंस. तुला तसाही सराव आहे.

माजूच का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

बंडखोर शोधायला आलेल्या सैन्याने गावं जाळली त्या वर्षी आम्हाला सगळ्यांना रस्त्याकडेच्या छावणीत नेलं. तिथे ताप आला आणि एकाच हंगामात माझी आई मागूम गेली आणि तिच्या पाठोपाठ तिचा भाऊ, माझा तामोमामा गेला. छावणीमागे केळीखाली दोघांना शेजारीशेजारी पुरलं आणि खुणेला काठ्या रोवल्या. काठ्या कोणीतरी सरपणाला नेल्या. थंडी होती, कोणाला नावं ठेवू?

घरी परतलो, घरं पुन्हा उभी राहिली, मग कधीतरी दोघांना आणायला गेलो. मातीतून दोन डोकी निघाली. एक मोठं, एक लहान. म्हातारे जमले. मोठं कोणाचं, यावर कोणाला शंकाच नव्हती. तरी रीत म्हणून कोळ्याचा कौल घेतला. बिळातून कोळी निघाला, त्याने बिळाच्या तोंडाशी मांडलेली पानं हलवली, कौल लावणाऱ्याने पानं वाचली, मोठं डोकं तामोचं. मी म्हटलं, "आईचं डोकंसुद्धा मोठं होतं हो. माझ्यासारखं." एक म्हातारा हसला. "पोरी, बाईचं डोकं कितीही मोठं झालं तरी पुरुषाच्या पुढे जाईल का?" माझ्या डोळ्यांपुढे तापातली आई होती, सुकून एवढीशी झालेली. मलाही वाटलं, असेल. मोठं डोकं मामाचा मुलगा ताकूगांग घेऊन गेला आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून आपल्या बापाच्या जागी बसला. लहान डोकं मी पदराखाली घेऊन माझ्या सासरी आणलं.

तेव्हापासून मी आईला सांभाळते आहे. ती जिवंतपणी जे खायची ते तिला दिलं. घरात बाळंतीण असली की आधी आईपुढे न्कुई, मग बाळंतिणीला. न्कुई म्हणजे बायकांना दूध यावं म्हणून करतात तो बुळबुळीत रस्सा, साहेब. तोंड वाकडं करू नका, तुमच्याही आईने तसलंच काही खाल्लं असणार.

माझी आई कशी होती, तर मी लहान असताना एक गोरा साहेब गावात डोकी मोजायला आला होता. त्याच्या हातात खेकड्याच्या नांग्यांसारखं लोखंडी हत्यार. सगळ्यांना मुखियाच्या अंगणात रांगेत उभं केलं. आईची पाळी आली तेव्हा तिने पाण्याचं भरलेलं मडकं डोक्यावर चढवलं आणि म्हणाली, "घे माप. पण सांडलं तर पुन्हा ओढ्यावर तू जायचं." आणि चालू लागली. तो नांग्या उघड्या ठेवून बघत राहिला.

तसल्याच नांग्या पुढे माझ्या नातीच्या हातात आल्या.

माजू राजधानीत, याउंदेला, डॉक्टरकी शिकली आणि मग हाडांचं शिकली. नदीत, रस्त्यावर, जळक्या घरात हाडं सापडली की ती पोलीस तिच्याकडे आणतात, आणि ती सांगते हा पुरुष की बाई, तरुण की म्हातारं, म्हणजे कोणीतरी घरी नेऊ शकेल. मी तिला म्हटलं होतं, "पोरी, हेच तर आपण करतो. त्याला पगार मिळतो हे माहीत नव्हतं."

एका सुट्टीत ती आली, मी मडकं धूत होते, आईला तिच्या हातात दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, पालथं केलं, आणि अंगठा कानामागे फिरवला. तिथे एक हाड खाली उतरलेलं असतं, तुम्हीही चाचपून बघा. तिचा अंगठा थांबला.

"आजी, ही तुझी आई?"

"मग काय तुझी?"

"हिचं हे हाड फार मोठं आहे गं. असं पुरुषांचं असतं."

"माझ्या आईचं सगळंच मोठं होतं."

"पण डोकं तर लहान आहे," ती म्हणाली आणि ते जपून मडक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नांग्या घेऊन बसली. लांबी, रुंदी, गालांच्या हाडांमधलं अंतर, भुवयांवरचा उंचवटा. मग पुस्तक उघडलं. ते पुस्तक दूरच्या गोऱ्या लोकांच्या डोक्यांवरून केलेलं. त्याने सांगितलं, पुरुष. मग तिने मोठ्या डोक्याला बघायचं ठरवलं. ताकूगांगकडे गेलो. तो खूश. "मोज, मोज! बघ बापाचं डोकं केवढं!" तिने मोजलं. पुस्तक म्हणालं, हाही पुरुष. मग तिने दुसरं पुस्तक काढलं, आपल्याच खंडाच्या दक्षिण टोकाच्या लोकांवरून केलेलं. त्याने सांगितलं, दोघीही बायका.

मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकांनी आधी आईला मामा केलं, आता मामाला मामी केलं. तिसरं काढू नकोस, बोकड निघेल."

ती हसली नाही. म्हणाली, "आजी, चूक पुस्तकांची नाही. ज्यांची डोकी मोजली त्यांच्यासाठी ती बरोबर आहेत. पुरुषाचं डोकं बाईपेक्षा थोडं मोठं, हे सगळीकडे आहे. पण ते 'थोडं' सगळीकडे सारखं नाही. कुठे बोटभर, कुठे नखभर. एका मुलखातली बाई दुसऱ्या मुलखात नेऊन ठेवली तर पुरुषात मोडते. आणि एका लोकांत फरक भुवईत दिसतो, तर दुसऱ्यांत कानामागे. आपल्या लोकांचा फरक कुठे आणि किती, ते कोणी पाहिलेलंच नाही."

"मग बघ."

"कोणाची बघू? मला अशी डोकी हवीत की ज्यांचं माणूस कोण होतं हे पक्कं ठाऊक आहे. जगात अशी कुठे मिळतात? मोठ्या शहरांत कपाटंच्या कपाटं भरलेली असतात, पण त्यांना नावं नाहीत. बेवारशी माणसं ती."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे. आणि मग आम्हा दोघींना एकदमच सुचलं. इथे तर घरोघर ती आहेत. प्रत्येकाला नाव आहे, आवडीचं जेवण आहे, रुसवे आहेत.

ती सुट्ट्यांमागून सुट्ट्या येत गेली आणि मी तिच्यासोबत घरोघर गेले, मीठ आणि पामतेल घेऊन. आधी मडक्याला द्यायचं, मग घरच्यांना विचारायचं. नाही म्हटलं तर पाणी पिऊन उठायचं. माझं वय झालं तोवर, पण मी या गावात एवढं कधी पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्याने आपला बाप दोन्ही हातांत आणून दिला आणि म्हणाला, "सांभाळून गं, यांना गुदगुल्या फार व्हायच्या." एक सून सासूला घेऊन आली. "माप घे, पण किती निघालं ते मला सांगू नकोस. आधीच यांचा तोरा कमी नव्हता." एका घरी मडक्यात नुसता दगड होता. त्या माणसाला आणायला गेले तेव्हा तो सापडलाच नव्हता. माजूने दगडापुढेही मीठ ठेवलं, हात जोडले, माप घेतलं नाही. त्या घरची बाई मला वाटेत गाठून म्हणाली, "तुझी नात शिकलेली आहे, पण वाया गेलेली नाही."

माजू डोकं उचलायची तेव्हा मी बघत राहायचे. मी स्वतः जन्मभर डोकी धुतली, तेल लावलं, पण ती बोलतात ती फक्त स्वप्नात, असं मला वाटायचं. या पोरीच्या बोटांखाली ती दिवसाउजेडी बोलत होती. ही बाई, हिने डोक्यावर आयुष्यभर भार वाहिला. हा पुरुष, याच्या मानेचे स्नायू दांडगे होते. घरचे म्हणायचे, "हो हो, लाकडं तोडायचा तो!" आणि डोळे पुसायचे. मी तिला एकदा विचारलं, "आणि अक्कल? ती कोणाची मोठी, ते सांगते का हे?" ती म्हणाली, "आजी, अक्कल या नांग्यांत सापडत नाही. पूर्वी लोकांनी पुष्कळ शोधली. फार वाईट कामं केली त्या नादात." तिने नांग्या पुसून ठेवल्या आणि मला त्या गोऱ्या साहेबाची आठवण झाली, मडक्याकडे बघत उभा राहिलेला.

शेवटी तिने माझं डोकं मोजलं. दारात, उन्हात बसवून. ते गार लोखंड माझ्या कानशिलांना लागलं. मग ती म्हणाली, "आजी, तू ताकूगांगआजोबांकडच्या मोठ्या डोक्यासारखी आहेस. भुवईची रेघ, गालाची रुंदी, सगळं." आणि मग सांगितलं. आपल्या लोकांत मोठेपणावर जायचं नाही, कानामागच्या हाडावर आणि गालांच्या अंतरावर जायचं. ताकूगांगकडे आहे ती मागूम. माझ्या मडक्यात आहे तो तामोमामा, लहान चणीचा पुरुष.

"नक्की?"

"दहापैकी नऊ वेळा."

मी माझ्या कपाळावर हात ठेवला. तिथे आईच होती. इतकी वर्षं मी तिला मडक्यात शोधत होते आणि ती माझ्या रुमालाखाली बसली होती. मला रडू यायच्या आधी तामोमामा आठवला. किती बाळंतपणांची न्कुई प्यायला बिचारा! मी घरात गेले, मडक्यापुढे बसले आणि म्हटलं, "मामा, माफ कर, पण दूध आलं का?"

तर यावरून मी ठरवलं आहे, मास्तर लिहा, की माझ्या मृत्यूपूर्वी, आणि तसं न घडल्यास मृत्यूनंतर लगेच, ताकूगांगने आपल्या ताब्यातलं मस्तक माझ्या घरी आणून द्यावं आणि आपल्या वडिलांचं मस्तक घेऊन जावं. माझं डोकं माझ्या आईशेजारी ठेवावं. या एका गोष्टीसाठी मी हा सगळा कागद करते आहे. बाकीचं तुम्ही भांडून वाटून घेतलंच असतं.

कलम सहा. ताकूगांग साक्षीला आला आहे. त्याला अजून काही माहीत नाही. मास्तरांनी त्याला आता वरचं कलम वाचून दाखवावं. पुढचं जसं घडेल तसं मास्तरांनी लिहावं, कारण हे त्याच्यासमोर झालं असं उद्या कोर्टाला दिसायला हवं.

ताकूगांग उभा राहिला. "अक्का, माझा बाप बाई होता असं तू सरकारी कागदावर लिहवलंस?"

"तुझा बाप बापच होता. तो माझ्याकडे आहे. तुझ्याकडे माझी आई आहे."

"जन्म गेला मी तिला बाबा म्हणतोय!"

"मी मामाला आई म्हणतेय. त्याने तक्रार केली नाही."

"मी दर कोंबडीचा पेटा बाबांपुढे ठेवलाय! दर कोंबडीचा!"

इथे मला हसू आवरलं नाही. मास्तर, हेही लिहा. कोंबडीच्या पोटातला पेटा पुरुषाचा, घरातल्या कर्त्याचा. माझ्या आईने उभ्या आयुष्यात किती कोंबड्या रांधल्या आणि प्रत्येकीचा पेटा वेगळा काढून दुसऱ्याच्या पानावर ठेवला. एकदा मी लहानपणी विचारलं, "कसा लागतो गं?" ती म्हणाली, "त्यांना विचार." आणि मेल्यावर तिला तो इतकी वर्षं रोज नाही पण सणावारी, मानाने, गुडघे टेकून वाढला गेला. मी हसत हसत हे ताकूगांगला सांगितलं. तो हसला नाही. खाली बसला.

मग हळू म्हणाला, "अक्का, मी तिच्याशी बोललोय. बायकोशी पटत नव्हतं तेव्हा. धाकटा गेला तेव्हा. पुरुष बापाजवळच बोलेल असलं बोललोय."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. पण मला बरं वाटायचं." मग म्हणाला, "बाप जिवंत असताना त्याच्याजवळ मला कधी बरं वाटलं नव्हतं. तो मारायचा गं. मला वाटलं, मेल्यावर सुधारला."

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली होती, मी त्यांना उचलायला सांगितली.

मी म्हटलं, "ताकू, आता दे तिला. माझे किती दिवस राहिले?"

"नाही."

"काय?"

"दहातली नऊ वेळा म्हणते ना पोर? मग ती उरलेली एक वेळ माझी असू दे." मग त्याचा आवाज मऊ झाला. "आणि तुझी आई असली तरी काय? तिला माझं घर ठाऊक आहे. माझी पोरं तिने बघितली, एकेकाचं नाव तिला सांगून ठेवलंय. या वयात म्हातारीला घर बदलायला लावतेस?"

मी त्याच्याशी जन्मभर भांडले आहे, आणि दर वेळी शेवटचा शब्द माझा होता. आजचा त्याचा. आईला मी ओळखते. माडी पिऊन रडणारा माणूस दारात आला तर ती त्याला हाकलायची नाही, चुलीजवळ सरकून जागा करायची. तिने याच्यासाठी जागा केली होती.

मास्तर, कलम पाचमधला शेवटचा भाग खोडा. नको, खोडू नका. तसाच राहू द्या आणि खाली लिहा की रद्द.

त्याऐवजी लिहा: माझं डोकं काढल्यावर ते माझ्या घरी न ठेवता ताकूगांगच्या घरी, मोठ्या मस्तकाशेजारी ठेवावं. मीच जाते तिच्याकडे. तामोमामालाही तिकडेच न्यावं, त्याच्या मुलाकडे.

ताकूगांग म्हणाला, "जागा आहे. उजव्या हाताला. ओल येत नाही तिथे." मग म्हणाला, "पण अक्का, मग मी बाबा कोणाला म्हणू?"

"दोघांनाही म्हण. मी मध्ये बसेन, भांडण झालं तर."

"तू मध्ये बसलीस तर भांडण होणारच."

सदर इसमाने हे मान्य केलं आहे आणि त्याच्यावर कोणाचा दबाव नाही. माझा होता, तो उपयोगी पडला नाही.

कलम सात. माजूसाठी, आणि हे शब्दाला शब्द लिहावं. पोरी, तिघांची देखभाल तुझ्याकडे. घर ताकूगांगचं असलं तरी वारस तू. तू याउंदेला राहतेस, रोज येऊ शकत नाहीस, त्याचा मला राग नाही. तुझ्याकडे आलेली हाडंही कोणाची तरी वाट बघत असतात. मला जमिनीतून काढशील तेव्हा आधी धू, तेल लाव, आणि मग नांग्या काढ. घाबरू नकोस, मी पाणी सांडणार नाही. सगळी मापं घे आणि बायकांच्या रांगेत लिही: जुईजे, बाई, बालेकू. तू म्हणाली होतीस की माझ्यासारखं मोठं डोकं त्या रांगेत गेलं की आपल्यात बाई कुठवर आणि पुरुष कुठून, ती रेघ केसभर सरकते. मी हे किती वेळा मनात घोळवलं आहे. शेत सरकवणारे पुष्कळ पाहिले. मी मेल्यावर जगातली एक रेघ केसभर सरकवणार, आणि पुढे कधीतरी कुठल्यातरी दरीत एखादी मोठ्या डोक्याची बाई सापडेल, कोणी तिला पुरुष म्हणणार नाही, आणि ती आपल्या मुलीच्या घरी जाईल. पोरी, मला अक्षर येत नाही, पण हे लिहिणं मला जमेल.

येणेप्रमाणे मी जे बोलले ते मास्तरांनी मला आमच्या बोलीत वाचून दाखवलं. दोन ठिकाणी "स्वर्ग" आला होता, तो काढायला लावला. बाकी बरोबर आहे. म्हणून खाली माझ्या डाव्या हाताचा अंगठा.

जुईजे, मागूमची मुलगी (अंगठा)

साक्षीदार: ताकूगांग, तामोचा मुलगा. सही केली. "तामोचा मुलगा" लिहिताना थांबला होता, मी म्हटलं, लिही, तेवढं तरी नक्की आहे.

साक्षीदार: मान्फो, शेजारी. घरी तोच एकटा होता. कलम चार त्याला वाचून दाखवलेलं नाही.

लिहिणार: फोकाम, निवृत्त शिक्षक.

स्थळ: बालेकू, जुईजेच्या घराचा ओटा. दिनांक ७ मार्च २०१९, बाजाराचा दिवस.

अंगठा पुसता पुसता सांगितलेलं, तेही मृत्युपत्राचा भाग समजावं: ताकूगांगच्या घरी स्वयंपाकात मीठ म्हणजे नुसती आठवण असते. तेव्हा मी तिकडे गेल्यावर आमच्या घरून दर बाजाराच्या दिवशी कोकी पाठवावी. चवळी हाताने वाटलेली, पामतेल सढळ, मिरची आख्खी, केळीच्या पानात वाफवून, पान उघडायच्या आत पोचेल अशी गरम. चार पुड्या कराव्यात. एक आईला, एक मामाला, एक मला, आणि एक ताकूगांगला, कारण तो समोर बसून बघत राहील आणि आम्हाला घास उतरणार नाही.